टोपोव्ह्यूवरचे जुने नकाशे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टोपोव्ह्यू म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची (यूएसजीएस) वेबसाइट, तिथे त्यांचे जुने नकाशे फुकट उतरवून घेता येतात. ते छापून मी उठलेल्या गावांच्या खुणा शोधत फिरते. काल तिसऱ्यांदा प्रिंट चुकीची आली, म्हणून लिहायला बसले. दोष नकाशांचा नाही, प्रिंट काढून देणाऱ्या दुकानाचा आहे. पण त्यापायी माझे दोन रविवार फुकट गेलेत, त्यामुळे आधी तेच सांगते.

१:२४,००० च्या पत्रकावर, म्हणजे नकाशाच्या एका कागदावर, एक इंच म्हणजे २,००० फूट. इथे कॅन्ससमध्ये सगळी जमीन मैल बाय मैलाच्या सेक्शनमध्ये आखलेली आहे, म्हणजे कागदावर प्रत्येक चौकोनाची बाजू २.६४ इंच, आपल्या पट्टीने ६.७ सेंटिमीटर भरलीच पाहिजे. काल भरली ६.३. दुकानदाराने 'फिट टू पेज' ठेवून नकाशा आक्रसवला. 'चार मिलिमीटरने काय होतंय' असं म्हणाला. होतं असं, की दोन मैलांचं अंतर पट्टीने मोजलं की १.८८ मैल येतं आणि माणूस सहाशे तीस फूट अलीकडे उभा राहून कंबरभर गवतात घराचा पाया शोधत बसतो. मी बसलेय, दोनदा. दर वेळी बारा डॉलर मोजून. आता घरच्याच प्रिंटरवर 'अॅक्चुअल साइज' निवडून तुकड्यातुकड्यांत छापते आणि चिकटपट्टीने जोडते. दुकानात जायचंच असेल तर पट्टी सोबत न्या आणि पैसे देण्याआधी एक चौकोन मोजा.

मी कॅन्ससमधल्या मॅनहॅटनला राहते. भोवती फ्लिंट हिल्स. चुनखडीत चकमकीच्या दगडाचे थर असल्यामुळे इथल्या टेकड्यांना नांगर लागला नाही आणि उंच गवताचं माळरान टिकून राहिलं. नदीकाठची काळी जमीन मात्र सगळी कसलेली, आणि गावंही तिथेच वसलेली. बिग ब्लू नदीवर टटल क्रीक धरणाचं काम १९५२ मध्ये सुरू झालं, १९६२ मध्ये संपलं. गॅरिसन, स्टॉकडेल, क्लीबर्न ही गावं गेली, रँडॉल्फ उचलून दुसरीकडे बसवलं. खोऱ्यातल्या बायकांनी 'ब्लू व्हॅली बेल्स' या नावाने एकत्र येऊन धरणाला विरोध केला होता. १९५२ च्या निवडणुकीत पक्क्या रिपब्लिकन मतदारसंघातून हॉवर्ड मिलर हा डेमोक्रॅट त्यांनी निवडून आणला, तरी धरण झालंच. माझं आजोळ उजनीच्या पाण्यात गेलेलं. त्यामुळे हे वाचलं त्या रात्री मी पहिला नकाशा उतरवून घेतला.

सुरुवातीला मी एका अॅपची वर्षाची वर्गणी भरली होती. जुना नकाशा फोनवर आजच्या नकाशावर चढवून दाखवतं ते. मुदत संपल्यावर न विचारता पैसे पुन्हा कापले. सहा ईमेल केले, परत मिळाले नाहीत. वर कळलं की त्यातली पत्रकं म्हणजे टोपोव्ह्यूवर फुकट असलेलीच स्कॅन आहेत. जिओटिफ (जागेचे अक्षांश-रेखांश सोबत असलेली नकाशाची फाइल) उतरवा, कुठल्याही फुकट अॅपमध्ये टाका, तुमचा निळा ठिपका त्यावर चालायला लागतो. एक पैसा लागत नाही. सरकारी खात्याने १८८४ पासूनचं आपलं काम असं उघडं करून ठेवावं, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता मत बदललं ते सांगते. पहिले दोन महिने मी १८८०-९० च्या दशकातल्या १:१,२५,००० च्या पत्रकांवर खूश होते. जितकं जुनं तितकं खरं, अशी माझी समजूत. तिसऱ्या महिन्यात वैताग आला. नदीची वळणं आजच्या पात्राशी जुळेनात, टेकड्यांच्या समोच्च रेषा अंदाजाने ओढल्यासारख्या वाटायच्या. मैलाला जेमतेम अर्धा इंच, त्यात सर्वेक्षकाने घोड्यावरून किती बघायचं? पुढे लक्षात आलं की मीच चुकीच्या गोष्टीला धरून नकाशा बसवत होते. नदी सरकते. सेक्शनचे कोपरे सरकत नाहीत. कॅन्ससची ही आखणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि आजही मैलामैलावरचे खडीचे रस्ते त्याच रेषांवरून जातात. टाउनशिपची (छत्तीस सेक्शनच्या मोठ्या चौकोनाची) रेषा आणि रस्त्यांचे चौक जुळवले की बाकीचं आपोआप जागेवर येतं. नदी तरीही जुळली नाही, तर ती नदीच हललेली असते, आणि ते बघणं हाच खरा फायदा.

तारखेचा घोळ मात्र मला अजून खटकतो. यादीत दिसणारं वर्ष, छपाईचं वर्ष आणि प्रत्यक्ष पाहणीचं वर्ष, तिन्ही वेगळी असू शकतात. विमानातून फोटो कधी घेतले, जागेवर जाऊन कधी तपासलं, हे खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या बारीक ओळींत असतं. आधी तेवढंच वाचा. आणि जांभळ्या रंगात जे दिसतं, नवी शेततळी, नवे रस्ते, ते नंतर नुसत्या हवाई फोटोंवरून भरलेलं असतं, जागेवर न जाता. त्याच्या भरवशावर कुंपण ओलांडू नका. परवानगी विचारल्याशिवाय तर कधीच नाही, इथली बहुतेक जमीन खासगी आहे.

या नकाशांना एक मोठी मर्यादा आहे. मॅनहॅटनच्या पूर्वेला, बिग ब्लूच्या मुखाशी १८३० च्या सुमारापर्यंत कॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांचं गाव होतं. १८७३ मध्ये त्यांना कॅन्ससमधून आजच्या ओक्लाहोमात हलवलं. हे नकाशे काढणारे सर्वेक्षक त्यानंतर आले, त्यामुळे कितीही झूम केलं तरी ते गाव या कागदांवर सापडत नाही.

सगळ्यात जास्त दिलं ते अर्व्हिंगने. १८५९ मध्ये वसलेलं गाव. १८७९ मध्ये एकाच दिवशी दोन टोर्नेडो अंगावर घेऊनही उभं राहिलं. धरणाच्या हद्दीत येणार म्हणून १९६० मध्ये रिकामं केलं, आणि पाणी तिथवर आलंच नाही. जुन्या पत्रकावर अख्खं गाव नखाएवढं. रस्त्यांची जाळी, रेल्वे, नदी. मी मे महिन्यात गेले. झाडीत खडीची वाट, बाकी गवत. नकाशावरचा आडवा रस्ता जिथे असायला हवा तिथे थांबले, तर गवतात आयरिस फुललेले. जांभळे, एका सरळ ओळीत, आणि ओळ रस्त्याला समांतर. कुणीतरी अंगणाच्या कडेला लावलेले. मागे पाच-सहा पावलांवर तळघराचा खड्डा, कडेला चुनखडीचे घडीव दगड.

रँडॉल्फजवळ याच्या उलट. तिथे पाणी आलं आणि त्यामागून गाळ. टटल क्रीकच्या नेहमीच्या साठ्याची जवळपास निम्मी जागा आज गाळाने भरली आहे, वरच्या टोकाला तर चिखलाचं मैदानच झालंय. म्हणजे उद्या धरण रिकामं केलं तरी ती जुनी शेतं दिसणार नाहीत. त्या जमिनीचे चढउतार बघायला आता जुनी पत्रकंच उरली आहेत.

उजनीसाठीही शोधलं. अमेरिकन लष्कराच्या नकाशा खात्याने १९५० च्या दशकात भारताची १:२,५०,००० ची पत्रकं काढली होती, ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने फुकट ठेवलीत. भीमा तिथे अजून बारीक रेघ आहे. आईला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली, तर तिने आधी नदी शोधली, मग बोटाने वरच्या अंगाला सरकत गेली.

अर्व्हिंगला एक दगडी स्मारक आहे, शेजारी खांबावर टपालपेटी, आत वही. येणारे त्यात लिहून जातात. मी आयरिसची जागा लिहून आले. टाउनशिप, सेक्शन, आणि कोपऱ्यापासून किती पावलं तेही.