तापमान उतरलं, पण पेस्ट बदललीच नव्हती

ग्राफिक्स कार्ड तापतंय म्हणून सर्व्हिसिंगला देणार असाल, तर देण्याआधी हे वाचा.

माझं कार्ड गेम सुरू झाला की ८४ अंशांवर जायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, आतली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला, म्हणजे थंड करणाऱ्या धातूच्या भागाला, पोचवणारा लेप) वाळली असणार. नवी पेस्ट, मेमरीवर नवे थर्मल पॅड (तेच काम करणाऱ्या मऊ पट्ट्या) आणि कॅबिनेटला पुढून दोन पंखे, असं ठरलं. पीसी घ्यायला गेलो तेव्हा त्याने माझ्यासमोर टेस्ट लावून दाखवली. ६६ अंश! मी पैसे दिले.

घरी मात्र गेम अडखळायला लागला. कार्डचे आकडे दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं, तर २२० वॉटचं कार्ड पूर्ण लोडवरही १४३ वॉटच्या पुढे जाईना, क्लॉक, म्हणजे चिपचा वेगही, पडलेला. स्टार्टअपमध्ये आफ्टरबर्नर हे कार्डची सेटिंग्ज बदलणारं सॉफ्टवेअर होतं, जे मी कधी टाकलंच नव्हतं. त्यात पॉवर लिमिट, म्हणजे कार्डने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा, ६५ टक्क्यांवर आणून ठेवलेली. कार्ड जितकी वीज खातं, जवळपास तितकीच उष्णता बाहेर टाकतं. वीज तोडली की आकडा उतरणारच! लिमिट पुन्हा १०० केली, तर तापमान परत ८४.

मग कार्ड खोललं. चिपवरची पेस्ट खडूसारखी सुकलेली, पॅड जुनेच, कडेने तेल सुटलेले. पुढच्या दोन पंख्यांपैकी एक उलटा बसवलेला, म्हणजे एक हवा आत ओढतोय आणि शेजारचा तीच बाहेर फेकतोय. (मोटर धरणाऱ्या पट्ट्या ज्या बाजूला दिसतात, सहसा त्या बाजूने हवा बाहेर पडते. खूण सोपी आहे, बघून घ्या.) जाब विचारला तर उत्तर मिळालं, "तापमान कमी करायला सांगितलंत, केलं की." नंतर फोन उचलणंच बंद.

पॉवर लिमिट कमी करण्यात गैर काही नाही. पुष्कळ जण ती जाणूनबुजून करतात आणि थोडा वेग देऊन बरीच शांतता मिळवतात. पण ते काम फुकटात, दोन मिनिटांत होतं. न बदललेल्या पेस्टचे आणि पॅडचे पैसे त्यावर उकळणं ही सरळ लबाडी आहे, आणि नुसता तापमानाचा आकडा बघणारा प्रत्येक जण तिला बळी पडू शकतो.

म्हणून कार्ड देण्याआधी पूर्ण लोडवर पंधरा मिनिटं चालवून तापमान, हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान), वॉट, क्लॉक आणि पंख्याचा वेग यांचा स्क्रीनशॉट घ्या. परत घेताना तीच टेस्ट लावायला सांगा. वॉट तेवढेच राहून तापमान उतरलं असेल आणि पंखेही जास्त वेगाने फिरत नसतील, तरच काम झालं असं माना. हॉटस्पॉट कोरपेक्षा, म्हणजे चिपच्या एरवी दिसणाऱ्या तापमानापेक्षा, साधारण १० ते १५ अंश वर असतो; नव्या पेस्टनंतरही फरक २५-३० राहिला, तर पेस्ट नीट लागलेली नाही किंवा चुकीच्या जाडीच्या पॅडमुळे हीटसिंक चिपवर टेकत नाही. काढलेले जुने पॅड मागून घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम चालवून बघा. तापमान लक्षात येण्याइतकं उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत आहे. कार्ड खोलायची बहुधा गरजच नाही.