सुपारीवाले सर आणि निळ्या स्क्रीनची लॅब

कोल्हापुरातला सी प्रोग्रामिंगचा क्लास. आठ रविवार, फी 3,500. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करणार आहे आणि सर माणूस म्हणून लाख आहेत.

मी इचलकरंजीत मागांचे बोर्ड दुरुस्त करतो. गेल्या वर्षी स्वतः एक पिक काउंटर, म्हणजे मागावरचे आडवे धागे मोजणारं यंत्र, बनवला. डिस्प्लेच्या ओळीत 16 अक्षरं बसतात, म्हणून मेसेजसाठी कॅरॅक्टर अ‍ॅरेही 16 चाच घेतला, म्हणजे मेमरीत अक्षरांसाठी 16 सलग घरं. थोड्या दिवसांत कारखानदाराचा फोन, आकडा मध्येच मागं जातोय. जाऊन बघतो तर 1200 चे 1024 झालेले. महिनाभर सेन्सर बदलत बसलो.

दुसऱ्या रविवारी सरांनी अंड्यांचा ट्रे आणला. एका रांगेत सहा खड्डे. इंग्रजी अक्षरांच्या चिठ्ठ्या टाकून त्यात 'मिरज' लिहिलं. पाच खड्डे भरले, सहाव्यात सुपारी ठेवली. "ही सुपारी म्हणजे नल, मेमरीतला निव्वळ शून्य. ती आहे तोवर स्ट्रिंग, म्हणजे शेवट कळणारा मजकूर. काढली की नुसता अ‍ॅरे." मग सुपारी खिशात टाकून एका पोराला वाचायला लावलं. ते पाच अक्षरं वाचून थांबलं. सर म्हणाले, "तू थांबलास बाबा, मजकूर छापणारं प्रिंटएफ थांबत नसतंय. सुपारी मिळेपर्यंत पुढच्या रांगेत शिरतंय." साइझऑफ सगळे खड्डे मोजतं, लांबी मोजणारं स्ट्रलेन सुपारीच्या अलीकडे थांबतं, हेही त्याच ट्रेवर झालं.

मला बसल्या जागी घाम फुटला. माझा एक मेसेज बरोबर 16 अक्षरांचा होता. मजकुराची नक्कल करणाऱ्या स्ट्रकॉपीनं सुपारी सतराव्या घरात ठेवली, आणि ते घर निघालं काउंटरच्या खालच्या बाइटचं. एका बाइटात 255 पर्यंतच आकडा मावतो. 1200 म्हणजे चार वेळा 256 आणि वर 176. ते 176 पुसले गेले, उरले 1024. घरी येऊन 16 चे 17 केले. फी तिथंच वसूल.

आता लॅब. दोघांत एक मशीन, आणि त्यावर अजून टर्बो सी या डॉसच्या काळातल्या कंपायलरची (सीचा प्रोग्राम मशीनला समजेल असा करणाऱ्या सॉफ्टवेअरची) निळी स्क्रीन! अवतरणातला मजकूर थेट पॉइंटरला (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलाला) द्या आणि पहिलं अक्षर बदला, तिथं बिनबोभाट बदलतं. तोच प्रोग्राम घरी लिनक्सवर जीसीसी या आजच्या कंपायलरनं चालवला, तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम तिथंच बंद. तिथं तो मजकूर फक्त वाचायच्या मेमरीत असतो. अ‍ॅरेत घेतला तर आपली वेगळी नक्कल मिळते, हवं ते खोडा. सरांनी हे फळ्यावर नीट सांगितलं होतं, पण समोरचं मशीन उलटंच दाखवतंय म्हटल्यावर पोरं विश्वास कशावर ठेवणार?

नोट्सही जुन्या. गेट्स हे फंक्शन ओळ वाचतं, पण जागा किती आहे ते बघत नाही, म्हणून ते सीच्या 2011 च्या स्टँडर्डमधून काढून टाकलंय. 1988 चा मॉरिस वर्म, इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम, त्याही भोकातून शिरला होता. इथं मात्र पान तीनवर तेच.

देवनागरीचा विषय निघालाच नाही. मी घरी 'मिरज' मराठीत टाकून पाहिलं. दिसायला तीन अक्षरं, स्ट्रलेन सांगतं 12. म, वेलांटी, र, ज, प्रत्येकाला यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट. म्हणजे सुपारीसकट 13 खड्डे.

जाणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप न्या, जीसीसी आधीच टाकून. आणि पहिल्या बाकावर बसा, मागून ट्रे दिसत नाही.