भारतीय फुटबॉल संघाची कोच-निवड: बेळगावच्या कट्ट्यावरून एक रिव्ह्यू

सेवा: भारतीय पुरुष फुटबॉल संघाला मुख्य कोच शोधून देणे. देणारा: अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. काळ: जून 2024 ते नोव्हेंबर 2025. या सतरा महिन्यांत एक कोच काढला, दोन नेमले. पाचापैकी गुण: शेवटी निवडलेल्या माणसाला साडेतीन, निवडण्याच्या पद्धतीला दीड.

लेले मैदानाच्या कडेला आणि कॅम्प भागातल्या चहाच्या गाड्यांवर इतके दिवस एकच वाद चालू आहे. कोच परदेशी हवा की आपला? "युरोपातला आणा, शिस्त तरी लागंल" असं एक गट म्हणतो. दुसरा गट म्हणतो, "आपला असला म्हणजे पोरांचं दुखणं त्याला कळतंय की." दोन्हीकडची माणसं फुटबॉल जाणतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा बघायला निपाणीवरून जाणारी, आणि आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगसाठी चोर्ला घाट उतरून गोव्यात फातोर्ड्याला जाणारीही. पण भांडण नेहमी नावावरून होतं. त्या माणसाला काम काय देणार आणि दिवस किती देणार, हा प्रश्न मागेच राहतो. महासंघाचंही तेच झालं, म्हणून पद्धतीला गुण कमी.

दिवस मोजून बघा. 2025 मध्ये मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा पाच फिफा विंडो, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेले दिवस, होत्या. एक विंडो साधारण नऊ दिवसांची, त्यात दोन सामने. खेळाडू रविवारपर्यंत क्लबसाठी खेळतो आणि सोमवारी राष्ट्रीय संघाच्या कॅम्पात येतो. पहिला दिवस पाय मोकळे करण्यात जातो. सामन्याच्या आदल्या दिवशी भारी सराव घेता येत नाही. पहिल्या सामन्यानंतरचा दिवस विश्रांतीचा, एखादा प्रवासाचा. उरतात तीन, फार तर चार खरे सराव. वर्षाचे मिळून पंधरा ते वीस. क्लबचा कोच तेवढे सराव महिन्याभरात घेतो. शिवाय विंडोबाहेर खेळाडू सोडायचा की नाही हे क्लबच्या मर्जीवर.

एवढ्या वेळात राष्ट्रीय कोच तीनच गोष्टी नीट बसवू शकतो. बॉल गेल्यावर अकरा जणांनी कुठे उभं राहायचं, कॉर्नर, फ्री किक आणि थ्रो-इन दोन्ही बाजूंनी, आणि पुढे जायची एक ठरलेली वाट. पासिंगचा दर्जा, पहिल्या टचची सफाई, गोलसमोरचा थंडपणा हे सगळं क्लबातून तयार होऊन यावं लागतं. म्हणून शोध सुरू करण्याआधी महासंघाने चार ओळी लिहून काढायला हव्या होत्या: कॅम्प किती दिवसांचा, कुठला क्लब किती खेळाडू कधी सोडणार, संघ कोण निवडणार, आणि किती सामन्यांनंतर कामाचा हिशेब होणार.

या ओळी नसल्या की काय होतं ते इगोर स्टिमाच यांच्या बाबतीत दिसलं. मे 2019 मध्ये ते आले. 2023 साल चांगलं गेलं, बेंगळुरूत दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकला, क्रमवारीत संघ शंभरच्या आत गेला. त्या ऑक्टोबरात करार जून 2026 पर्यंत वाढला. मग जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया अशा तिन्ही सामन्यांत हार, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 1-2. जूनमध्ये कतारकडून हरल्यावर विश्वचषक पात्रतेची वाट संपली आणि 17 जूनला करार मोडला. तडजोडीची रक्कम ठरली 4 लाख डॉलर. कतारचा बरोबरीचा गोल रेषेबाहेर गेलेल्या बॉलवर झाला होता, तो अन्याय खराच. पण करार वाढवतानाच निकालांवर बेतलेली बाहेर पडायची अट लिहिली असती तर ही रक्कम पोरांच्या कॅम्पांना लागली असती.

दुसरी चूक जास्त महागात पडली. जुलै 2024 मध्ये मानोलो मार्केझ यांना घेतलं, तेही एफसी गोवाची नोकरी चालू ठेवून. बेळगावला सगळ्यात जवळचा आयएसएल क्लब गोवाच, त्यामुळे मार्केझ यांचं काम इथल्या माणसांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. मे 2025 मध्ये त्यांच्या गोव्याने सुपर कप जिंकला, फायनलला जमशेदपूरला 3-0 ने हरवून. कोच म्हणून त्यांच्यात काही कमी नव्हतं. पण भारताबरोबर आठ सामन्यांत एकच विजय, मार्च 2025 मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध 3-0. चार बरोबरी, तीन हार. हाँगकाँगला तर सामना भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर गेला. अर्धवेळ कोच म्हणजे खेळाडू बघायला जाणं कमी, क्लबांशी बोलणं कमी. शिवाय आपल्याच क्लबच्या खेळाडूला बोलावलं तरी प्रश्न, नाही बोलावलं तरी प्रश्न. पडलेला संघ उभा करायला पूर्णवेळ माणूस लागतो. बरं चाललेल्या संघाला एखादवेळ अर्धवेळ चालून जाईल.

गोल का होत नाहीत, यावर कट्ट्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि इथे कोचला दोष देणं चुकीचं आहे. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात. क्लब ते कुठे वापरतात? मधला स्ट्रायकर, त्याच्यामागचा प्लेमेकर, मधला डिफेंडर. म्हणजे नऊ नंबरची, मधल्या स्ट्रायकरची जागा जवळजवळ सगळीकडे परदेशी माणसाकडे. भारतीय पोराला कडेला खेळवतात नाहीतर सत्तराव्या मिनिटाला आत सोडतात. परिणाम समोर आहे: 2024-25 च्या आयएसएलमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा भारतीय सुनील छेत्री, 14 गोल, वय 40. जून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या त्याच छेत्रीला मार्च 2025 मध्ये परत बोलवावं लागलं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, सीमाभागातल्या पोरांना त्याचं नाव पाठ आहे. असे फॉरवर्ड तयार होतात, पण मधल्या जागेवर सलग नव्वद मिनिटं त्यांना मिळत नाहीत. वर्षाच्या वीस सरावांत हे कुठलाही कोच भरून काढू शकत नाही, मग तो स्पेनचा असो की मुंबईचा.

मार्केझ गेल्यावर जुलै 2025 मध्ये पुन्हा शोध. अर्ज आले 170. त्यांत झावी आणि ग्वार्दिओला यांच्या नावाचे ईमेल होते आणि ते खोटे निघाले, पण तोपर्यंत झावीचं नाव बाहेर फुटून दोन दिवस चर्चा झाली होती. अर्ज तपासायचा क्रम उलटा झाला की असं होतं. आधी लायसन्सचा नंबर आणि मागच्या क्लबचं पत्र पडताळायचं, मग पगाराची अपेक्षा विचारायची, मग समोर बसवून पुढच्या दोन सामन्यांचा आराखडा मागायचा. नाव बाहेर जायचं ते या तीन पायऱ्यांनंतर.

शेवटच्या तीन नावांची यादी मात्र चांगली होती, आणि त्याचे गुण आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीला द्यायला हवेत. स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी याआधी दोनदा हाच संघ सांभाळलेला, 2019 च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1 ने हरवलेलं. श्तेफान तार्कोविच यांनी स्लोव्हाकियाला युरो 2020 खेळवलेला, किर्गिझस्तानबरोबर काम केल्यामुळे मध्य आशियाही ठाऊक. तिसरे खालिद जमील. आयझॉलसारख्या छोट्या शहराचा संघ घेऊन 2016-17 ची आय-लीग जिंकलेले, त्याआधी मुंबई एफसीत बरीच वर्षं कमी पैशांत संघ टिकवून ठेवलेले. 1 ऑगस्टला जमील यांची निवड झाली. सॅव्हियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय कोच.

ही निवड बरोबर होती असं आमचं ठाम मत आहे, आणि कारण 'आपला माणूस' हे नाही. वर सांगितलेल्या तीन गोष्टीच जमील यांना सगळ्यात चांगल्या येतात. ऑगस्टच्या मध्यात बेंगळुरूला कॅम्प लागला, मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, तरी दोन आठवड्यांत संघ मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत उतरला. ताजिकिस्तानला त्यांच्या घरी 2-1. इराणकडून 0-3, अफगाणिस्तानशी 0-0. तिसऱ्या जागेसाठी ओमानशी 1-1 आणि पेनल्टींवर जिंकले. उवैसचा लांब थ्रो-इन, मागून वर येणारे डिफेंडर अन्वर अली आणि झिंगन, झटापटीतून सुटलेल्या बॉलवर तुटून पडणारी मधली फळी. दिसायला देखणा खेळ नाही, पण दोन आठवड्यांत शिकवता येतो तो हाच.

मग ऑक्टोबरात घसरण. सिंगापूरला झिंगनचं रेड कार्ड, दहा जणांनी शेवटी रहीम अलीच्या गोलवर 1-1 वाचवला. 14 तारखेला फातोर्ड्याला त्याच सिंगापूरविरुद्ध छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोल केला, पण ती आघाडी हाफटाइमपर्यंतही टिकली नाही. 44 आणि 58 व्या मिनिटाला साँग उइ-यंगचे दोन गोल आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद, कारण गटातून एकच संघ पुढे जाणार होता. बेळगावहून मंगळवारच्या त्या मॅचला गाड्या करून गेलेल्या पोरांना मध्यरात्रीनंतर घाट चढताना हेच बोलायचं होतं. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही 0-1. साडेतीनच गुण का, त्याचं उत्तर या तीन सामन्यांत आहे. बचाव करून बॉल मिळाल्यावर पुढे न्यायची दुसरी वाट तयार नव्हती. आघाडी घेतल्यावर बॉल पायाशी ठेवून वेळ खाणारा मिडफिल्डर लागतो, तो संघात दिसला नाही.

आता इथल्या क्लबांसाठी थोडं, कारण गल्लीतला संघ चार मॅच हरला की कमिटीही असाच कोच शोधायला निघते. बहुतेक वेळा जुना नावाजलेला खेळाडू धरून आणतात. तो खेळलेला असतो, शिकवलेला नसतो. कोचच्या लायसन्सची शिडी खालून वर डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. गावच्या अकरांच्या संघाला सी लायसन्सवाला पूर्णवेळ मिळाला तर उत्तम, डी असला तरी चालतो, पण कागद बघितल्याशिवाय होकार देऊ नका. त्याला एक सराव घ्यायला लावा आणि घड्याळ लावून बघा. दीड तासात पंधरा मिनिटं वॉर्म-अप, वीस मिनिटं चार विरुद्ध दोन असा छोट्या चौकोनातला खेळ, अर्धा तास सात विरुद्ध सात, उरलेल्या वेळात कॉर्नर आणि फ्री किक. अठरा पोरांना दहा तरी बॉल हवेत. पोरं रांगेत उभी राहून एकेक शॉट मारत असतील तर तो माणूस तुमच्या कामाचा नाही, कारण एका पोराला दीड तासात वीस वेळाही बॉल लागत नाही.

सगळ्यात मोठी अडचण टर्फची. बेळगावात संध्याकाळी नोकरी-धंद्यावरून सुटलेली पोरं लाइटखालच्या छोट्या टर्फवर सहा-सहा जण खेळतात. तिथे ऑफसाइड नाही, बॉल जाळीला लागून परत येतो, तीस मीटरचा पास कधी द्यावाच लागत नाही. मग रविवारी शंभर मीटरच्या मैदानावर तीच पोरं एकाच जागी गोळा होतात आणि दोन्ही कडा मोकळ्या सोडतात. कोच कितीही हुशार असो, आठवड्यातून एक सराव तरी मोठ्या मैदानावर, सकाळी सहाला का होईना, मिळालाच पाहिजे. फी ठरवताना महिन्याचा आकडा धरू नका. मोठ्या मैदानावरचे सराव किती, त्यावर पैसे ठरवा, आणि संघ कोण निवडणार ते पहिल्याच दिवशी कमिटीच्या वहीत लिहून सही घ्या. अकरा जणांची नावं कोचने द्यायची. कमिटीच्या फोनवरून एक नाव बदललं की दुसऱ्या आठवड्यापासून पोरं कोचचं ऐकायचं सोडतात.