वुडहाउस: आधी वूस्टर की आधी ब्लँडिंग्ज?

पुतणीला इंग्रजी विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस वाचायला सुरू करायचाय; ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ (1938) की ‘लीव्ह इट टू स्मिथ’ (1923), इथे गाडी अडलीये. मलपृष्ठावरची ‘हसून लोळाल’ छाप वाक्यं सोडा.

पहिलीत नायक बर्टी वूस्टर स्वतः बोलतो, त्यामुळे फजिती आणि सारवासारव एकाच तोंडून. गायीच्या आकाराचं चांदीचं दुधाचं भांडं ढापायला त्याला आत्याच पाठवते! गुंता मात्र जबर.

दुसरी घडते ब्लँडिंग्ज नावाच्या किल्लेवजा वाड्यात; निवेदन त्रयस्थ, पात्रं भरपूर, सुरुवात संथ. पण लिंबू रंगाच्या पायजम्यातला सेक्रेटरी बॅक्स्टर पहाटे वाड्याच्या मालकाच्या, लॉर्ड एम्सवर्थच्या खिडकीत कुंड्या भिरकावतो, तेवढ्यावर पैसे वसूल.

लोकलमध्ये तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्याला बर्टी बरा, मागचं तोच आठवून देतो. निवांत सुट्टी आणि जोडीला प्रेमकथा हवी, तर स्मिथ.