आधी कोणती फायनल पाहावी: १९८८ की २००३?

भाचा तीनपत्तीतून नुकताच पोकरकडे वळलाय. विचारतो, ‘मामा, पोकरच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची, वर्ल्ड सिरीजची, एकच जुनी फायनल बघायची तर कोणती?’ दोन्ही लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोमधल्या, दोन्हीकडे प्रवेश फी १०,००० डॉलर.

समजायला २००३ सोपी. टेबलातले छोटे कॅमेरे खेळाडूंची झाकलेली पानं दाखवतात, त्यामुळे थाप कोण मारतंय ते आपल्याला आधीच कळतं. १९८८ मध्ये ही सोय नव्हती.

डावाची खोली मात्र १९८८ ची. जॉनी चॅनच्या हातात गुलाम-नव्वी. टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पानांपैकी पहिल्या तिनांत राणी, दश्शी, अठ्ठी आली आणि त्याची सिक्वेन्स लागली. पण गडी गप्प! एरिक सायडेलकडे राणीची जोडी. शेवटच्या पानानंतर त्याने सगळे चिप्स पुढे सारले आणि चॅनने सलग दुसरं विजेतेपद घेतलं. हा संयम शिकवून येत नाही.

२००३ मध्ये उलटं. टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच!) ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला. हातात नुसता राजा, तरी त्याने सगळं लावलं. सॅमी फरहाने नव्वीची जोडी टाकून दिली. शेवटी मनीमेकरच जिंकला, बक्षीस २५ लाख डॉलर. त्या वर्षी ८३९ खेळाडू होते, पुढच्या वर्षी २,५७६.

नवशिक्याने २००३ बघावी. पानं वाचता यायला लागली की १९८८, तीही आवाज बंद करून.