स्क्रू पाना, टेप आणि चोकअपची स्प्रिंग: आठ महिने वापरल्यावर

जानेवारीत नागदेवी स्ट्रीटवरून एका फेरीत सगळं आणलं: दहा इंची स्क्रू पाना, बारा इंची पाइप पाना, टेफ्लॉन टेपची सहा रिळं, वायसरची पुडी, रबरी पंप आणि तुंबलेल्या पाइपचा चोकअप काढायची तीन मीटरची स्प्रिंग. दीड हजारात भागलं. आमचा नळवाला ‘आलोच ताई’ म्हणून दोन-दोन दिवस उगवायचा नाही आणि वायसर बदलायचे तीनशे घ्यायचा. वैतरणा-तानसाचं पाणी गाळणारं भलंमोठं केंद्र आमच्या भांडुपात, आणि घरात मोरीचा नळ रात्रभर टपटप. एकदा खाली बादली लावून मोजलं. अकरा ते सहा, साडेतीन लिटर.

तो नळ पहिल्याच रविवारी बंद झाला. जुना फिरकीचा नळ असेल तर काम सोपं: पाणी बंद करा, वरचा भाग पान्याने खोला, आतल्या वायसरला गोल चर पडलेली दिसेल, तो बदला. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत मात्र वायसरऐवजी सिरॅमिक चकत्यांचा स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला भाग असतो, तो अख्खाच बदलावा लागतो. अंदाजाने आणू नका. दाते जुळत नाहीत म्हणून मी दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा जुना स्पिंडल पर्समध्ये घालून नेला.

सगळ्यांत वसूल झालेली वस्तू म्हणजे टेप. पहिल्यांदा मी ती उलटी गुंडाळली. नळ आवळायला लागले तशी ती आट्यांवरून सुटून शेवईसारखी बाहेर आली. आट्यांचं टोक आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. बस.

आता मार्चमधली फजिती. संडासातल्या जेट स्प्रेचा पाइप बदलायचा होता म्हणून त्याचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीवरचा पाणी बंद करायचा छोटा कॉक, बंद करायला गेले. तो कित्येक वर्षांत कोणी फिरवलाच नव्हता. हाताने हलेना, म्हणून पाना लावला आणि जोर काढला. दांडी तुटून हातात आली आणि पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर. गच्चीवरचा कॉक बंद करायचा तर चावी वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला. मुलगा जिन्याने पळाला, मी टॉवेल दाबून उभी, आणि खालच्या काकूंचा फोन, ‘अगं, आमच्या मोरीत पाऊस पडतोय!’ पंधरा मिनिटं गेली त्यात. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातले सगळे कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडते. आपल्या फ्लॅटचं पाणी गच्चीवर नेमकं कुठून बंद होतं, हेही आधी जाऊन बघून ठेवा. आमच्याकडे त्या कॉकला आता लाल चिंधी बांधली आहे.

जुन्या इमारतीत लोखंडी पाइप असतील तर दोन पाने हवेतच. एकाने मागचा भाग धरायचा, दुसऱ्याने नळ फिरवायचा. नाहीतर नळाबरोबर भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, फिरतो, आणि मग टाइल्स फोडायची पाळी.

स्प्रिंग मात्र फुकट गेली म्हणायला हरकत नाही. सिंक तुंबलं की खालचा बॉटल ट्रॅपच, म्हणजे बाटलीसारखा भाग, हाताने खोलता येतो, खाली बादली ठेवायची तेवढी. आमच्या ट्रॅपमधून चहाचा चोथा आणि थिजलेल्या तुपाचा गोळा निघाला. सोडा-व्हिनेगरचा फेस बघायला मजेशीर, पण दोघं एकमेकांना मारतात, चोथा जागच्या जागी. ॲसिड मी घरात आणत नाही. ब्लीचमध्ये चुकून मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, तोही आमच्या चार बाय चारच्या मोरीत. पंप चांगला चालतो, फक्त बेसिनला वापरताना वरच्या कडेजवळचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो.

गणपतीला गावी आठ-दहा दिवस राहून आलो, तर घरभर गटाराचा वास. नळवाल्याला फोन लावणार होते, तेवढ्यात लक्षात आलं: नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यातलं, पाणी आटलं होतं. ते पाणीच खालचा वास आणि झुरळं अडवतं. दोन तांबे ओतले, तासाभरात वास गेला.

एवढं असूनही नळवाल्याचा नंबर ठेवलाय. भिंतीला आतून ओल आली किंवा बाहेरची सोसायटीची लाइन तुंबली तर मी हात लावत नाही. गीझरच्या वरचा सांधाही पाझरतोय सध्या. त्याच्या व्हॉल्व्हशी आणि विजेशी खेळणं माझ्याच्याने होणार नाही. गीझरचा मेन स्विच बंद करून ठेवलाय, नळवाला परवापासून ‘आलोच ताई’वर आहे, आणि आम्ही पातेल्यात पाणी तापवतोय.