फॉक्सप्रोवरून डॉटनेटवर: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचा वर्षभराचा अनुभव

ज्यांचं फॉक्सप्रोवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-प्रोग्रॅमिंग भाषेवर, अजून काही ना काही चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सांभाळतो ती एक छोटी पतसंस्था आहे. सभासद, ठेवी, पिग्मी, कर्ज, व्याज, रोजकीर्द, तेरीज असं सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ वर होतं. त्यातले काही प्रोग्रॅम तर मुळात डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ मध्ये लिहिलेले. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपवला. तरी आम्ही हललो नाही, कारण ते चालत होतं, आणि वेगाने चालत होतं.

फॉक्सप्रो ज्यात डेटा ठेवतो त्या डीबीएफ फाइलची २ जीबीची मर्यादा सगळे सांगतात. आमच्यासारख्या संस्थेला ती गाठायला एक पिढी जावी लागेल. खरा त्रास इंडेक्सचा, म्हणजे नोंदी पटकन शोधायच्या सूचीचा. चालू व्यवहारात लाइट गेली की ती सूची ठेवणारी सीडीएक्स फाइल बिघडणार, मग सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स, म्हणजे सूची नव्याने बांधणं. दुसरा त्रास मराठीचा. फॉक्सप्रोला युनिकोड (सगळ्या लिप्यांची सगळीकडे चालणारी एकच संकेतपद्धत) कळत नाही, त्यामुळे सभासदांची नावं जुन्या फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती अगम्य चिन्हं.

पर्याय पाहताना डॉटनेटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अनेक भाषा चालणाऱ्या व्यासपीठावर, थांबलो ते एक्स शार्पमुळे. हा मुक्त स्रोत असलेला कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालेल अशा रूपात आणणारा) आहे आणि त्याला फॉक्सप्रोची बोली समजते. स्कॅन-एंडस्कॅन, रिप्लेस, सीक हे फॉक्सप्रोचे आदेश तसेच लिहिता येतात. डीबीएफ आणि सीडीएक्स तो स्वतः वाचतो. हे महत्त्वाचं, कारण या फाइल वाचायचा मायक्रोसॉफ्टचा जुना ओएलई-डीबी ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे, ६४ बिट प्रोग्रॅममधून तो मिळतच नाही. एकाच सोल्यूशनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या संचात, एक प्रोजेक्ट एक्स शार्पचा, दुसरा डॉटनेटच्या सी शार्प भाषेचा, तिसरा हवा तर व्हीबीचा (व्हिज्युअल बेसिकचा). सगळ्यांचं शेवटी एकाच प्रकारच्या कोडमध्ये रूपांतर होतं, म्हणून एकमेकांची फंक्शन्स थेट बोलावता येतात. डेटाबेस पोस्टग्रेस घेतला. प्रोग्रॅम लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्या माणसाला फुकट आहे, त्यामुळे लायसन्सवर खर्च झाला नाही. खर्च झाला तो वेळ.

अनेक भाषांचं कौतुक मात्र जरा बेतानेच करा. प्रत्यक्षात व्हीबीला मी हातही लावला नाही. स्क्रीन सगळ्या सी शार्पमध्ये नव्याने काढल्या. एक्स शार्पमध्ये राहिला तो फक्त व्याजाचा आणि थकबाकीचा भाग. पण तेवढ्यासाठीसुद्धा त्याचा उपयोग मोठा आहे. वर्षानुवर्षांच्या संचालक मंडळांचे ठराव त्या प्रोसिजरमध्ये दडलेत. कुठल्या ठेवीला कुठल्या तारखेपासून कुठला दर, मुदतीआधी मोडली तर काय, हे कागदावर एका जागी कुठेच नाही. ते पुन्हा लिहायला घेतलं असतं तर ऑडिटरने आम्हाला सोडलं नसतं.

जिथे सी शार्पमध्ये हिशेब नेला, तिथे गंमत झाली. जुनी आणि नवी प्रणाली समांतर चालवत होतो, आणि तेरीज एक-दोन रुपयांनी जुळेना. कारण राउंडिंग. फॉक्सप्रो ६१२.५० चे ६१३ करतो. सी शार्पचं मॅथ-राउंड काही सांगितलं नाही तर जवळच्या सम संख्येकडे जातं: ६१२.५० चे ६१२, पण ६१३.५० चे ६१४. शून्यापासून दूर जाणारा पर्याय प्रत्येक ठिकाणी स्पष्ट द्यावा लागतो. पैशासाठी दशांश अचूक न ठेवणारा डबल हा प्रकार नको, डेसिमलच वापरा, हेही ओघाने आलं.

तसंच सेट एक्झॅक्ट ऑफचं, म्हणजे सुरुवातीची अक्षरं जुळली तरी चालवून घेणाऱ्या सेटिंगचं. फॉक्सप्रोत 'पाटील संजय' आणि 'पाटील' यांची बरोबरी तपासली तर उत्तर 'हो' येतं. शोधाच्या अर्ध्या स्क्रीन त्याच भरवशावर होत्या. रिकाम्या तारखाही भरपूर निघाल्या, त्या नल (माहिती नाही) करून घेतल्या. डिलीटची खूण असलेल्या, पण कधी पॅक न केलेल्या, म्हणजे फाइलमधून कायमच्या न काढलेल्या, नोंदी वेगळ्या टेबलात ठेवल्या. त्या फेकू नका, मार्चअखेरीला कोणीतरी त्यातलं एखादं खातं विचारतंच.

सर्वात जास्त वेळ खाल्ला तो नावांनी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा लागतो. एका शाखेत एक फॉन्ट, दुसऱ्या शाखेत दुसरा. रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला, तरी जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. शाखेतल्या क्लार्क ताईंनी आडनावं ओळखून दिली नसती तर ते काम अजून चालूच असतं. त्याचं फळ असं की पोस्टग्रेसमध्ये मराठीचं कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचे नियम, लावलं आणि सभासद यादी पहिल्यांदा खऱ्या वर्णक्रमाने निघाली. वार्षिक सभेच्या नोटिशीला ती तशीच जोडली.

वेगाबद्दल प्रामाणिकपणे सांगतो: एखादं खातं उघडायला फॉक्सप्रो अजूनही झटपट वाटतो. पोस्टग्रेस जिंकतो ते दहा जण एकाच वेळी एंट्री करत असताना आणि लाइट गेल्यावर. सर्व्हर परत सुरू झाला की तो स्वतःच लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदींवरून, सावरतो.

पासबुक छपाई मात्र बिघडली. पूर्वी डॉट मॅट्रिक्सला सरळ इंग्रजी मजकूर जायचा, खर्रकन पान निघायचं. आता मराठी ग्राफिक म्हणून जातं आणि काउंटरवर रांग लागते. मध्यममार्ग म्हणून नाव-पत्ता मराठीत, व्यवहारांच्या ओळी पुन्हा इंग्रजीत ठेवल्यात. सभासदांनी तक्रार केली नाही, चेअरमननी केली.

तुमचा प्रोग्रॅम लहान असेल, नियम थोडे असतील, तर एक्स शार्पच्या वाटेला जाऊ नका, सरळ सी शार्पमध्ये लिहा. नियमांचं जंगल असेल आणि मूळ लिहिणारा माणूस आता भेटत नसेल, तर ते नियम आधी एक्स शार्पमध्ये जसेच्या तसे हलवा आणि जमेल तसे एकेक करून सी शार्पमध्ये आणा. दोन्ही प्रणाली निदान एक मार्चअखेर समांतर चालवल्याशिवाय जुनी बंद करू नका, स्टाफने कितीही कटकट केली तरी.

पिग्मी एजंटांच्या मशीनमधली फाइल वाचणारा छोटा प्रोग्रॅम अजून फॉक्सप्रोतच आहे. त्या मशीन बदलायचा ठराव झाला की तोही हलवेन.